उकळत्या झऱ्यातला जंतू ते औषधाची गोळी: मधे नेमकं काय काय असतं?

वर्षातून दोन-तीनदा तरी असा मथळा वाचायला मिळतो: समुद्रतळाचा जिवाणू कर्करोगावर मात करणार, ज्वालामुखीच्या झऱ्यातून नवं अँटिबायोटिक. २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांत दडलेले हजारो संभाव्य जंतुनाशक तुकडे संगणकाच्या मदतीने हुडकून काढले, तेव्हाही असे मथळे झळकले. बातमी सहसा खोटी नसते. पण ती वाचून मनात जी समजूत घर करते ती बरेचदा चुकीची असते: जागा जितकी भयंकर, तितकं तिथलं औषध जालीम.

तसं काही नसतं. टोकाच्या परिस्थितीत राहणाऱ्या जंतूंनी वैद्यकाला आजवर दिलेली सगळ्यात मोठी देणगी कुठल्याही गोळीत नाही, ती प्रयोगशाळेतल्या यंत्रात आहे. आणि ज्या रेणूंच्या बातम्या होतात त्यांचा जागेच्या भयंकरपणाशी संबंध बराच लांबचा आहे.

## टोकाचं म्हणजे किती टोकाचं?

मेथॅनोपायरस कँडलेरी ही आर्किया १२२ अंश सेल्सियसला वाढते. त्या तापमानाला पाणी द्रवरूप राहावं म्हणून प्रयोगात प्रचंड दाब द्यावा लागला. जपानच्या होक्काइडो बेटावर सापडलेला पिक्रोफिलस ०.७ पीएचला सगळ्यात जोमाने वाढतो. पीएच म्हणजे आम्लता मोजायची पट्टी. तिच्यावर ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आणि तिथून दर एक अंक खाली उतरलं की आम्लता दहापट वाढते. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के मीठ असतं, तर मिठागरं लालगुलाबी करणारे हॅलोआर्किया ३० टक्क्यांच्या आसपासही आरामात राहतात. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू ५,००० ग्रे (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) इतका किरणोत्सर्ग पचवतो. माणसाला ५ ग्रेसुद्धा जीवघेणे ठरू शकतात. हा पठ्ठ्या १९५६ मध्ये सापडला तो कुठल्या अणुभट्टीत नव्हे, तर गॅमा किरणांनी ‘निर्जंतुक’ केलेल्या मांसाच्या डब्यात.

अशा जीवांना एक्स्ट्रीमोफाइल म्हणतात. त्यातले काही जिवाणू आहेत, काही बुरशी, आणि बरेचसे आर्किया. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचं कूळच वेगळं, हे कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं.

इथेच एक फरक लक्षात घ्यायला हवा. काही जंतूंना टोकाची परिस्थिती लागतेच, ती काढून घेतली तर ते मरतात. काही जण ती नुसती सोसतात, साध्या परिस्थितीत उलट जास्त खूश असतात. औषध बनवायची वेळ आली की हा फरक भलताच महाग पडतो. पहिल्या प्रकारच्या जंतूसाठी मोठ्या टाकीत तीच परिस्थिती उभी करावी लागते, दुसऱ्यासाठी नाही.

## एका पेशीतल्या तीन वेगळ्या गोष्टी

बातम्यांमध्ये सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथे. टोकाच्या जंतूकडून आपल्याला तीन अगदी वेगळ्या प्रकारच्या वस्तू मिळू शकतात.

पहिली म्हणजे त्याची स्वतःची यंत्रसामग्री, अर्थात एन्झाइम. पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिनं. साधारण प्राण्याचं एन्झाइम उकळत्या पाण्यात अंड्यातल्या पांढऱ्यासारखं गोठून निकामी होतं. झऱ्यातल्या जंतूचं तसं होऊन चालणार नाही, म्हणून ते मुळातच टिकाऊ घडणीचं असतं.

दुसरी वस्तू म्हणजे रक्षक रेणू: मीठ, कोरडेपणा, उष्णता यांपासून पेशीतली प्रथिनं जपणारे छोटे पदार्थ.

तिसरी वस्तू म्हणजे दुय्यम रेणू. हे जगण्यासाठी रोज लागत नाहीत, पण शेजाऱ्याला मारायला, त्याला इशारा द्यायला किंवा लोह ओढून घ्यायला उपयोगी पडतात. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन याच जातीतले. आपण ज्याला औषध म्हणतो ते बहुधा इथून येतं.

पहिल्या दोन्हींचा परिसराशी थेट संबंध आहे: उष्ण जागी उष्णता सोसणारं एन्झाइम, खाऱ्या जागी मिठापासून जपणारा रेणू. तिसऱ्याचा तसा नाही. दुय्यम रेणू तापमानामुळे नाही, शेजाऱ्यांमुळे घडतात. शंभर अंशांच्या झऱ्यात शेजारी मोजकेच. उलट समुद्रतळाच्या गाळात किंवा वाळवंटाच्या मातीत, जिथे परिस्थिती कठीण आहे पण वस्तीही दाट आहे, तिथे अशा रेणूंची चंगळ असते. म्हणूनच औषधाच्या दृष्टीने नाव घेण्याजोगे बहुतेक रेणू अॅक्टिनोबॅक्टेरिया या मातीतल्याच जुन्या ओळखीच्या गटातून आले. मारियाना गर्तेच्या १०,८९८ मीटर खोलीवरून वर आलेला डर्माकॉकस अॅबिसी असो की चिलीच्या अटाकामा वाळवंटातला स्ट्रेप्टोमायसिस लीउवेनहुकी, दोघंही याच गटातले.

## गोळी नव्हे, पण गोळीमागचं यंत्र

थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांत थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू शोधला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन छापलं. सुमारे ७० अंशांना तो उत्तम वाढतो. त्याच्या डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव टॅक पॉलिमरेज.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या प्रती काढायची पीसीआर पद्धत सुचवली. तिच्यात प्रत्येक फेरीला नमुना ९५ अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे डीएनएचे दोन धागे सुटे होतात, मग थंड करून प्रत्येक धाग्यावर नवी प्रत चढवतात. सुरुवातीला यासाठी आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचं एन्झाइम वापरत. ते पहिल्याच तापवणीत मरे, म्हणून दर फेरीला झाकण उघडून नवं घालावं लागे. टॅक पॉलिमरेज ९५ अंशांना सतत ठेवलं तर त्याची शक्ती निम्मी व्हायला सुमारे ४० मिनिटं लागतात, आणि प्रत्यक्ष फेरीत ते त्या तापमानाला जेमतेम अर्धा मिनिट असतं. म्हणजे एकदा घातलं की तीस फेऱ्या निघतात. फेरीगणिक दुप्पट या हिशोबाने तीस फेऱ्यांत एका रेणूच्या १०७ कोटी प्रती होतात. आज क्षयरोगाचा रेझिस्टन्स, म्हणजे जंतूने औषधाला दाद न देणं, तपासणं असो की कोविडची चाचणी, मुळात असतं हेच.

टॅकमध्ये एक खोट आहे: चूक झाली तर ते मागे वळून दुरुस्त करत नाही. जिथे अक्षर न अक्षर बरोबर हवं, तिथे इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळ सापडलेल्या पायरोकॉकस फ्युरिओसस या आर्कियाचं, तपासून पुढे जाणारं एन्झाइम वापरतात.

औषधकारखान्यांत आणखी एक एन्झाइम मुकाट्याने राबतं: लायपेज बी. ते अंटार्क्टिकातल्या व्हांडा सरोवरात मिळालेल्या यीस्टचं. अनेक औषधी रेणूंची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखी. अणू तेच, जोडण्याही त्याच, पण अवकाशातली मांडणी उलटी. शरीराला बहुधा एकच रूप चालतं. साध्या रसायनक्रियेत दोन्ही निम्मी निम्मी बनतात. हे लायपेज त्यातल्या एकाच रूपाला हात लावतं, त्यामुळे दोन्ही वेगळी करता येतात. गंमत म्हणजे बर्फाळ जागेतून आलेलं असूनही कणांवर बसवलं की ते ६०-७० अंशांनाही काम करतं. जागेवरून गुण ठरवायला निघालं की असा चकवा बसतो.

## जंतूकडून रेणू ‘दोहून’ घेणं

रक्षक रेणूंतला सगळ्यात यशस्वी म्हणजे एक्टोइन. तो १९८५ मध्ये इजिप्तमधल्या वादी नत्रून इथल्या खाऱ्या, अल्कलीयुक्त तळ्यांतल्या जिवाणूत सापडला. बाहेर मीठ जास्त असलं की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ते रोखायला जिवाणू आत एक्टोइन साठवतो. हा रेणू प्रथिनांना चिकटत नाही, उलट त्यांच्यापासून थोडा लांब राहतो, आणि त्यामुळे प्रथिनाभोवतीचा पाण्याचा थर जागच्या जागी राहतो. मीठ आत घेतलं असतं तर पेशीची यंत्रसामग्री बिघडली असती, एक्टोइनने ती बिघडत नाही.

तो काढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हॅलोमोनास एलोंगाटा हा जिवाणू दहा-पंधरा टक्के मिठाच्या द्रावणात दाट वाढवतात, मग एकदम पाणी घालून मीठ दोन-तीन टक्क्यांवर आणतात. आता पाणी उलट दिशेने, म्हणजे पेशीत घुसू लागतं. फुटून जाऊ नये म्हणून पेशी आपल्या आवरणातली दाबाने उघडणारी द्वारं खोलते आणि काही मिनिटांत एक्टोइन बाहेर टाकते. पेशी गाळून बाजूला काढतात, द्रावणातलं मीठ विद्युत-पडद्यांच्या साहाय्याने उतरवतात, एक्टोइन शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवतात. पेशी मात्र जिवंत असतात. त्यांना पुन्हा खाऱ्या पाण्यात सोडलं की काही तासांत त्या परत एक्टोइन भरून घेतात, आणि पुन्हा तीच फेरी. या क्षेत्रातले लोक याला सरळ ‘बॅक्टेरियल मिल्किंग’ म्हणतात. पाणी हळूहळू घातलं तर काम फसतं: पेशीला जुळवून घ्यायला वेळ मिळतो, द्वारं पुरती उघडत नाहीत, आणि उतारा कमी येतो.

एक्टोइन आज नाकातले फवारे, डोळ्यांचे थेंब आणि त्वचेची मलमं यांत असतं. पण युरोपात अशी बरीच उत्पादनं औषध म्हणून नव्हे, वैद्यकीय साधन म्हणून विकली जातात, कारण हा रेणू शरीरातली कुठलीच क्रिया बदलत नाही, फक्त पृष्ठभागावर पाणी धरून ठेवतो. ‘टोकाच्या जंतूचं औषध’ म्हणून त्याची जाहिरात दिसली तर एवढं ध्यानात असू द्यावं.

## क्लोरीनचा एक अणू

आता तिसऱ्या वस्तूकडे, म्हणजे खऱ्या अर्थाने औषध होऊ पाहणाऱ्या रेणूंकडे. यातलं सगळ्यात लांबवर पोचलेलं उदाहरण सॅलिनोस्पोरामाइड ए. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांच्या गटाने ते समुद्रतळाच्या गाळातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जिवाणूतून काढलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. कडक व्याख्या लावली तर हा जिवाणू एक्स्ट्रीमोफाइल नाही, त्याला फक्त समुद्राचं खारेपण लागतं. बातम्यांमध्ये मात्र तो सर्रास त्या यादीत असतो.

हा रेणू करतो काय? आपल्या पेशीत प्रोटिअॅझोम नावाची, जुनी प्रथिनं चिरून टाकणारी नळकांड्याच्या आकाराची रचना असते. झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशीत खराब प्रथिनं भरमसाठ तयार होतात, त्यामुळे हे चिरकाम थांबलं तर ती आपल्याच कचऱ्यात गुदमरते. सॅलिनोस्पोरामाइडमध्ये चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे. प्रोटिअॅझोमच्या आतला थ्रिओनीन हा घटक त्या कड्यावर हल्ला करतो, कडं उघडतं आणि रेणू तिथे चिकटतो.

इथपर्यंत त्याच्या चुलतभावासारखंच, ओम्युरॅलाइडसारखंच सगळं घडतं. ओम्युरॅलाइड मात्र काही वेळाने पाण्याच्या रेणूच्या मदतीने सुटून जातं. सॅलिनोस्पोरामाइडला शेपटीच्या टोकाला क्लोरीनचा एक अणू आहे. कडं उघडल्यावर मोकळा झालेला ऑक्सिजन वळून त्या क्लोरीनला हाकलतो आणि त्याच्या जागी बसतो, त्यामुळे रेणूतच एक नवं कडं तयार होतं. ज्या वाटेने पाणी येऊन सुटका करणार, ती वाट बंद. म्हणून पकड कायमची.

जिवाणूला हे क्लोरीन येतं कुठून? समुद्राच्या पाण्यातल्या मिठातून. इथे मात्र परिसराचा थेट हात आहे. वाढीच्या पाण्यात क्लोराइडऐवजी ब्रोमाइड घातलं तर जिवाणू क्लोरीनच्या जागी ब्रोमीन बसवूनही देतो.

पुढची कहाणी कमी उत्साहवर्धक. मॅरिझोमिब या नावाने तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर सातशेहून अधिक रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालांनुसार नेहमीच्या उपचारांत त्याची भर घालून रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. रेणू परीक्षानळीत कितीही देखणा असला तरी हा उंबरठा वेगळाच.

## नमुन्यापासून रेणूपर्यंत, आणि वाटेत काय काय बिघडतं

गाळ किंवा माती आणली की पहिला शत्रू म्हणजे भराभर वाढणारे साधे जिवाणू. दोन दिवसांत ते जंतू वाढवायची बशी व्यापून टाकतात. म्हणून अॅक्टिनोबॅक्टेरिया हवे असतील तर नमुना आधी वाळवतात, किंवा ५५-६० अंशांना थोडा वेळ तापवतात. त्यांचे बीजाणू यातून तरतात, बाकीचे बरेच मरतात. बशीत बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड आणि नको असलेल्या जिवाणूंसाठी नॅलिडिक्सिक आम्ल घालतात. मग वाट पाहायची, चार ते आठ आठवडे. बशी कोरडी पडू नये म्हणून ती बंद डब्यात ओलाव्यात ठेवावी लागते. घाई केली तर हाती लागतात तेच ते जुने जिवाणू.

जंतू खरोखर टोकाचा असेल तर बशीच साथ सोडते. वाढमाध्यम घट्ट करायला वापरतात तो अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे उष्णताप्रेमींसाठी जेलन गम घ्यावा लागतो. आम्लप्रेमींसाठी वेगळीच पंचाईत: आम्ल घालून अगार निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात तापवला की तो तुटतो आणि मग काही केल्या जमत नाही. उपाय साधा आहे. अगार आणि आम्लयुक्त द्रावण दोन्ही दुप्पट तीव्रतेने वेगवेगळं तापवायचं आणि जरा निवल्यावर एकत्र ओतायचं.

जंतू वाढला की त्याच्या द्रवातून राळेच्या मण्यांवर किंवा इथाइल अॅसिटेट या द्रावकात रेणू ओढून घेतात आणि तो अर्क रोगजंतूंवर घालून बघतात. नवशिक्यांची फसगत नेमकी इथे होते. अर्काच्या थेंबाभोवती रोगजंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं की आनंद होतो, पण रोगजंतूला मारलेलं असतं मिठाने किंवा आम्लाने. म्हणून अर्कातलं मीठ उतरवायचं, पीएच ७ च्या जवळ आणायचा, आणि जंतू न घालता ठेवलेल्या त्याच माध्यमाचा अर्क शेजारी लावायचा. त्यानेही वर्तुळ दिलं तर शोध तिथेच संपला.

खरंच काही असेल तर ते आधी कोणाला सापडलेलं नाही ना, हे त्याचं वस्तुमान मोजून, ओळखीच्या रेणूंच्या वस्तुमान-वर्णपटांच्या साठ्याशी ताडून पाहतात. बहुतेक वेळा ते सापडलेलंच असतं. ही पायरी टाळणारा माणूस सहा महिन्यांनी स्ट्रेप्टोमायसिनच पुन्हा शोधून बसतो.

आणि मग गप्प जनुकांची अडचण. दुय्यम रेणू बनवणारी जनुकं गुणसूत्रावर शेजारी शेजारी गटाने असतात. त्यांच्यापासून तयार होणारी एन्झाइमं कारखान्यातल्या फिरत्या पट्ट्यासारखी काम करतात: प्रत्येक ठिकाणी एक तुकडा जोडला जातो आणि शेवटी पुरा रेणू खाली पडतो. सॅलिनिस्पोरा ट्रॉपिकाचं जनुकवाचन २००७ मध्ये छापलं गेलं, तेव्हा असे १७ गट मिळाले. एकूण जनुकसंचाचा जवळपास दहावा हिस्सा या कामाला लागलेला होता. पण बशीत वाढवल्यावर यातले बरेच पट्टे बंदच असतात. ते चालू करायला अन्न बदलतात, मीठ बदलतात, दुसऱ्या जंतूबरोबर एकत्र वाढवतात, नाहीतर पूर्ण गट उचलून एखाद्या सोप्या जिवाणूत बसवतात. शेवटचा उपाय ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण तो बरेचदा फसतो: गट लांबलचक असतो, आणि नव्या यजमानाकडे लागणारा कच्चा माल किंवा स्वतःलाच विष बाधू नये म्हणून लागणारं संरक्षण नसतं.

मोठ्या प्रमाणावर करायला गेलं की आणखी वेगळं दुखणं. सॅलिनिस्पोरा समुद्राच्या पाण्यात वाढतो, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड फर्मेंटरच्या स्टीलला बारीक भोकं पाडतं. म्हणून मिठाचा मोठा भाग सोडियम सल्फेटने बदलावा लागला, पण रेणूतल्या क्लोरीनपुरतं क्लोराइड मात्र ठेवावं लागलं. जिवाणूचा वाण निवडून आणि माध्यम सुधारून उतारा लिटरमागे काही मिलिग्रॅमवरून शेकडो मिलिग्रॅमवर आणण्यात वर्षं गेली. रचना ओळखायला काही मिलिग्रॅम पुरतात, माणसांवरच्या चाचण्यांना ते पुरत नाहीत.

## आकार कागदावर चुकला तर

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ब्यूट शहराजवळ बर्कली पिट ही तांब्याची बंद पडलेली खाण आहे. १९८२ मध्ये खोदकाम थांबलं, खड्ड्यात पाणी साठलं, आणि धातू विरघळून त्याचा पीएच २.५ च्या आसपास गेला. अँड्रिया आणि डोनाल्ड स्टिअर्ले यांनी तिथल्या पेनिसिलियम बुरशीतून बर्केलिक आम्ल वेगळं करून २००६ मध्ये जाहीर केलं. त्याच्या कर्कपेशींवरच्या परिणामाची खूप चर्चा झाली.

रेणूची रचना त्यांनी चुंबकीय अनुनादाच्या (एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणू कसा प्रतिसाद देतात ते मोजण्याच्या) आलेखांवरून मांडली होती. असा आलेख कोणता अणू कोणाच्या शेजारी हे छान सांगतो, पण कोणता फाटा कागदाच्या वर आणि कोणता खाली, हे काही ठिकाणी नुसतं सुचवतो. २००८ मध्ये अलोइस फ्युर्स्टनर यांच्या गटाने हा रेणू प्रयोगशाळेत बांधून पाहिला आणि आलेख ताडले, तेव्हा आधीच्या मांडणीतली दिशा काही ठिकाणी चुकलेली निघाली. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. गुंतागुंतीच्या रेणूंच्या बाबतीत असं वरचेवर होतं. पण औषध एखाद्या प्रथिनाच्या खाचेत बसतं ते या दिशेवरच. चुकीच्या चित्रावरून रेणू बनवला तर वेगळाच पदार्थ हाती येतो, आणि मग ‘आम्हाला परिणाम दिसला नाही’ अशा तक्रारी सुरू होतात.

## उष्णतेत राहणाऱ्या जंतूचं औषधही उष्णतेत टिकेल ना?

एन्झाइमबाबत बहुधा हो. दुय्यम रेणूंबाबत नाही. सॅलिनोस्पोरामाइडचं ते ताणलेलं कडं पाण्यात थोड्या काळात आपलं आपण उघडतं आणि रेणू निकामी होतो. जंतू किती कणखर, यावरून त्याचा प्रत्येक रेणू कणखर ठरत नाही.

## हे जंतू बाहेर निसटले तर?

भीती रास्त वाटते, पण पायरोकॉकससारखा जंतू आपल्या शरीराच्या ३७ अंशांना वाढतच नाही, त्याला ते गारठून जाण्यासारखं आहे. आर्कियांपैकी माणसाला रोग देणारी एकही जात आजवर पक्की सिद्ध झालेली नाही. नुसती परिस्थिती सोसणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या बाबतीत मात्र नेहमीची खबरदारी घ्यावीच लागते.

## नवी जागा, नवा रेणू, म्हणजे रेझिस्टन्स नसणार?

ही आशा सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात कच्ची आहे. न्यू मेक्सिकोतल्या लेचुगिया गुहेचा काही भाग चाळीस लाखांहून अधिक वर्षं पृष्ठभागापासून तुटलेला आहे. तिथल्या पेनीबॅसिलस एलसी२३१ या जिवाणूवर ४० अँटिबायोटिक तपासली, त्यातल्या २६ ना तो दाद देईना. माणसाने बनवलेलं औषध त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. जो जंतू विष बनवतो तो स्वतःला वाचवायची युक्तीही जवळ ठेवतो, आणि त्याचे शेजारी ती शिकतात. रेझिस्टन्स आपण निर्माण केलेला नाही, आपण तो फोफावू दिला.

काम नव्या रेणूपेक्षा नव्या ‘लक्ष्या’ने, म्हणजे जंतूतल्या ज्या जागी औषध घाव घालतं त्या नव्या जागेने, जास्त होतं. जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरच्या गाळातल्या जिवाणूतून २००४ मध्ये जाहीर झालेलं अॅबिसोमायसिन सी याचं चांगलं उदाहरण आहे. जिवाणू फोलिक आम्ल स्वतः बनवतात, आपण ते अन्नातून घेतो. अॅबिसोमायसिन त्या बनावटीतली एक सुरुवातीची पायरी अडवतं, जी आपल्या पेशीत नाहीच. तरीही त्याची गोळी झालेली नाही.

## संगणक शोधतोय, मग गाळ उपसायचा कशाला?

सुरुवातीला ज्या २०२५ च्या कामाचा उल्लेख आला, त्यात २३३ आर्कियांच्या प्रथिनसंचांतून १२,६२३ संभाव्य तुकडे निवडले गेले. त्यातले ८० प्रत्यक्ष बनवले आणि ९३ टक्के तुकड्यांनी निदान एका रोगजंतूवर तरी परिणाम दाखवला. कामगिरी मोठी आहे. पण हे तुकडे आर्कियाने शस्त्र म्हणून घडवलेले नाहीत, मोठ्या प्रथिनांतून संगणकाने कापून काढलेले आहेत. शिवाय संगणकाला वाचायला जनुकसंच लागतो, तो आणायला कोणीतरी झऱ्यापाशी जावंच लागतं.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं. २०१५ मध्ये गाजलेलं टिक्सोबॅक्टिन अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या साध्या गवताळ मैदानाच्या मातीतून आलं. तिथे जागा नवी नव्हती, जिवाणू मातीतच ठेवून वाढवायची पद्धत नवी होती.

## बातमीतला आकडा कसा वाचायचा

‘जिवाणू मारले’ एवढं वाचून थांबू नये, किती मात्रेने ते बघावं. रोगजंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल तर लक्ष द्यावं, १०० च्या पुढे असेल तर बहुधा सोडून द्यावं. मग तीच मात्रा माणसाच्या पेशींना किती झेपते, ते शोधावं. रोगजंतूला २ आणि आपल्या पेशींना ४ मायक्रोग्रॅम मारक असेल तर ते औषध नव्हे, विष. हा दुसरा आकडा बातमीत क्वचित असतो. प्रयोग बशीत झाला, उंदरात की माणसात, हेही तपासावं. बशीतल्या कर्कपेशी ब्लीचनेसुद्धा मरतात.

## आणि पैसा कोणाचा?

थर्मस अॅक्वाटिकस यलोस्टोनमधून एका सार्वजनिक जंतुसंग्रहात ठेवला गेला, तिथून तो कंपनीपर्यंत पोचला. पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले, उद्यानाला त्यातलं काही मिळालं नाही. १९९७ मध्ये यलोस्टोनने डायव्हर्सा या कंपनीशी वाटा ठरवणारा करार केला, त्यालाही न्यायालयात आव्हान मिळालं. २०१० चा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार ज्या देशातून जंतू नेला त्याची आधी संमती घ्यायची आणि फायद्यात त्याला वाटा द्यायचा. खोल समुद्राचा बराचसा भाग मात्र कुठल्याच देशाचा नाही. त्याच्यासाठीचा करार २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला. सगळ्यात जास्त घासाघीस आहे ती जंतूवर नाही, त्याच्या जनुकांच्या अक्षरांवर: ती एकदा संगणकावर चढली की कोणीही कुठूनही वाचू शकतो आणि गाळाचा एक कणही न हलवता रेणू बनवू शकतो.